खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय आणि लगतची उष्णता व विद्युत उपकरणे : एक विवेचन

गोषवारा

गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा छंद महाराष्ट्रात जुना आहे. अलीकडच्या काळात कृत्रिम समुद्रमीठ, पंप व तापमान नियंत्रक सहज उपलब्ध झाल्याने समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या घरांत आणि महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतही खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. अशी टाकी विजेशिवाय चालत नाही आणि बहुधा ती हीटर, वातानुकूलन यंत्र, इन्व्हर्टर, स्विचबोर्ड किंवा गॅसवर चालणाऱ्या उपकरणांच्या शेजारीच ठेवली जाते. या शेजारामुळे होणारी हानी बहुतांशी संथ आणि न दिसणारी असते. टाकीतील मीठ हवेवाटे उपकरणांपर्यंत पोहोचते, तर उपकरणांची उष्णता, ज्वलनवायू व धातू टाकीपर्यंत पोहोचतात. प्रस्तुत लेखात या दुहेरी देवाणघेवाणीमागील भौतिक व रासायनिक कारणे स्पष्ट करून टाकीच्या जागेची निवड व विद्युत सुरक्षितता यांविषयी काही शिफारशी केल्या आहेत.

बीजशब्द : सागरी मत्स्यालय, क्षारसंचय, क्षरण, गळती विद्युतप्रवाह, ज्वलनवायू, विद्युत सुरक्षितता.

प्रस्तावना

समुद्रातील जीव काचेच्या भांड्यात जिवंत ठेवण्याच्या प्रयोगांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये चालना मिळाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या १८५४ मधील ग्रंथामुळे हा छंद मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. त्या काळातील टाक्यांना वीज नव्हती. पाण्यातील वनस्पती आणि अधूनमधून बदललेले पाणी यांवरच जीवांचे जगणे अवलंबून असे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उभारलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मराठी माणसाच्या अनेक पिढ्यांना समुद्रातील माशांची प्रथम ओळख करून दिली. तेथे समुद्र समोरच होता.

नागपूर, पुणे किंवा कोल्हापूर येथील घरातील टाकीची गोष्ट वेगळी आहे. तेथे समुद्राचे पाणी पुडीतील मीठ विरघळवून तयार करावे लागते, लाटांचे काम पंपाला करावे लागते, तापमान हीटर किंवा शीतकाने राखावे लागते आणि प्रकाश दिव्यांनी पुरवावा लागतो. थोडक्यात, किनाऱ्यापासून दूर असलेल्या टाकीचा श्वास विजेवर चालतो. म्हणून पाणी आणि वीज एकमेकांपासून दूर ठेवावीत, हा नेहमीचा उपदेश येथे पुरेसा ठरत नाही. दोन्ही एकत्र असणारच आहेत. ती एकत्र कशी नांदतील, हा खरा प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. टाकीतील मीठ टाकीबाहेर कोणत्या मार्गांनी येते, हे स्पष्ट करणे.
२. या मिठाचा विद्युत उपकरणे, उष्णता उपकरणे आणि मानवी सुरक्षितता यांवर होणारा परिणाम तपासणे.
३. लगतच्या उपकरणांचा टाकीतील जीवांवर होणारा परिणाम पाहणे.
४. जागेची निवड व मांडणी यांसाठी व्यवहार्य शिफारशी मांडणे.

१. समुद्राच्या पाण्याचे संबंधित गुणधर्म

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत वजनाने सुमारे ५५ टक्के क्लोराइड आणि सुमारे ३१ टक्के सोडियम असून उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम हे प्रमुख घटक आहेत. दोनशे लिटरच्या मध्यम आकाराच्या टाकीत सुमारे सात किलो मीठ विरघळलेले असते. ही राशी डोळ्यांसमोर आणली, म्हणजे अशा टाकीतून थोडेसे मीठ बाहेर पडले तरी ते किती असू शकते, याची कल्पना येते.

दुसरा गुणधर्म विद्युत वाहकतेचा. समुद्राच्या पाण्याची वाहकता २५ °से. तापमानाला प्रति मीटर सुमारे ५.३ सीमेन्स असते. नळाच्या पाण्यापेक्षा ती साधारणपणे शंभरपट किंवा त्याहूनही अधिक भरते. गोड्या पाण्याचा एखादा थेंब प्लगवर पडून वाळून गेला, तर बहुधा काही होत नाही. खाऱ्या पाण्याचा थेंब मात्र वाळल्यानंतरही मीठ मागे ठेवतो आणि पुढचा थेंब त्याच जागी अधिक क्षार साठवतो.

तिसरा गुणधर्म स्वयंपाकघरात सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. शुद्ध सोडियम क्लोराइड २५ °से. तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाली की हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडच्या बाबतीत ही मर्यादा अवघी सुमारे ३३ टक्के आहे. समुद्रमीठ हे अशा अनेक क्षारांचे मिश्रण असल्याने खाण्याच्या शुद्ध मिठापेक्षा ते लवकर ओलसर होते आणि उशिरा वाळते.

२. मीठ टाकीबाहेर कसे येते

पाण्याचे बाष्पीभवन होते तेव्हा केवळ पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. त्यामुळे बंद टाकीतून मीठ बाहेर जात नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मीठ बाहेर येण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग फुटणाऱ्या बुडबुड्यांचा. पृष्ठभागावर बुडबुडा फुटतो तेव्हा त्याच्या पातळ पापुद्र्याचे तुकडे होऊन अतिसूक्ष्म थेंब उडतात. उरलेल्या खळग्यातून पाण्याची बारीक धार वर उसळते आणि तिचेही थेंब होतात. खुल्या समुद्रावर फेसाळणाऱ्या लाटांमधून खारी हवा याच प्रक्रियेने निर्माण होते. हवेचा पंप, प्रोटीन स्किमर आणि उंचावरून पडणारे पाणी या तिन्हींमुळे टाकीत हीच प्रक्रिया रात्रंदिवस चालू असते. मालवण, रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या रहिवाशांना खिडकीचे गज, शीतकपाटाचा मागचा भाग आणि दुचाकीचे सुटे भाग किती लवकर गंजतात, हे सांगावे लागत नाही. खाऱ्या पाण्याची टाकी हा किनारा बैठकीच्या खोलीत आणून ठेवते. येथे वारा कमी असल्याने त्याचा पल्ला लहान, पण तो दिवसाचे चोवीस तास चालू असतो.

दुसरा मार्ग केशाकर्षणाचा. काचेच्या कडेवर, वायरीवर किंवा नळीवर मिठाचा पातळ थर बसला की त्या स्फटिकांच्या फटींतून पाणी पुढे सरकते, टोकाशी वाळते आणि नवा थर तयार होतो. अशा रीतीने मीठ अक्षरशः पुढेपुढे सरपटत जाते. एखादी वायर टाकीतून थेट प्लगकडे उतरत असेल, तर तीच मिठाची पायवाट ठरते.

तिसरा मार्ग माणसाच्या हाताचा. पाणी बदलताना सांडलेले थेंब, ओल्या हाताने दाबलेला खटका, जमिनीवर टेकवलेली नळी यांतून बरेचसे मीठ पसरते. पहिले दोन मार्ग संथ आहेत. हा मार्ग त्वरित परिणाम करणारा आहे.

३. विद्युत उपकरणांवरील परिणाम

३.१ प्लग आणि स्विचबोर्ड

प्लगच्या दोन पिनांमधील प्लॅस्टिकवर मिठाचा थर साचतो. हिवाळ्यात व उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा हा थर पांढऱ्या पावडरीसारखा निरुपद्रवी दिसतो, कारण कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात हवेतील आर्द्रता वाढते, त्या थराला पाणी सुटते आणि दोन पिनांमध्ये अत्यंत बारीक प्रवाह वाहू लागतो. या प्रवाहाने निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे थर काही ठिकाणी वाळतो, तेथे लहान ठिणग्या पडतात आणि प्लॅस्टिकचा पृष्ठभाग करपतो. करपलेल्या भागातील कार्बन स्वतःच विद्युतवाहक असल्याने पुढच्या वेळी प्रवाह अधिक वाढतो. ही साखळी शेवटी आगीपर्यंत पोहोचू शकते. जूनमध्ये उघड होणाऱ्या अपघाताची तयारी जानेवारीतच झालेली असते, असे म्हणता येईल. विदर्भ व मराठवाड्यासारख्या प्रदेशांत, जेथे कोरड्या आणि दमट ऋतूंमधील फरक मोठा आहे, तेथे या बाबीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

तांबे, पितळ व लोखंड यांवर क्लोराइडचा परिणाम होतो, हेही लक्षात घ्यावे. जोडणीच्या जागी क्षरण झाले की तेथील विरोध वाढतो आणि जोडणी तापते. वातानुकूलन यंत्राच्या गुंडाळीत तांब्याच्या नळ्यांवर बहुधा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये खारा ओलावा अशी स्थिती निर्माण झाली की लहानसा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम वेगाने झिजते. टाकीच्या थेट वर किंवा समोर बसवलेले वातानुकूलन यंत्र खोलीतील हवेबरोबर हे मीठही ओढून घेते.

३.२ मानवी सुरक्षितता : एमसीबी पुरेशी का नाही

घरात एमसीबी बसवली आहे म्हणजे विजेच्या धक्क्यापासून संरक्षण आहे, हा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. एमसीबीचे काम वायरिंगचे अतिभारापासून व लघुपरिपथनापासून संरक्षण करणे हे आहे. सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह बिनतक्रार वाहू देते. मानवी शरीराला मात्र सुमारे अर्ध्या मिलिअँपिअरला प्रवाहाची जाणीव होते आणि सुमारे दहा मिलिअँपिअरला स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. तीसहून अधिक मिलिअँपिअरचा प्रवाह काही काळ टिकल्यास हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. ओल्या हाताच्या व्यक्तीच्या शरीराचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्ट दाबाला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. तो प्राणघातक आहे, परंतु एमसीबीच्या दृष्टीने तो एका छोट्या दिव्याइतका आहे.

या ठिकाणी आरसीसीबी हे उपकरण उपयोगी पडते. ते फेज व न्यूट्रल या दोन तारांमधील प्रवाहांची सतत तुलना करते. गेलेला प्रवाह पूर्ण परत येत नसेल, तर उरलेला प्रवाह अन्य मार्गाने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असा त्याचा अर्थ होतो. हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आतच उपकरण पुरवठा तोडते. भारतीय मानक आयएस १२६४० या उपकरणाशी संबंधित आहे. अमेरिकेतील घरांत यासाठी याहून संवेदनशील, सुमारे पाच मिलिअँपिअरला तुटणारी साधने वापरली जातात.

३.३ जिवंत मासे ही सुरक्षिततेची खूण नव्हे

पाण्यात बुडवलेल्या काचेच्या हीटरला तडा गेला आणि फेज तारेचा पाण्याशी संपर्क आला, तरी टाकीतील मासे पूर्ववत पोहत राहतात. कारण काच विद्युतरोधक आहे. टाकीतील सर्व पाणी जवळजवळ एकाच विद्युतविभवावर येते आणि प्रवाहाला बाहेर जाण्यास वाट नसते. विजेच्या एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का बसत नाही, त्यामागील तत्त्व हेच आहे. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या व्यक्तीने पाण्यात हात घातला की तीच प्रवाहाची वाट बनते. मासे ठीक आहेत, म्हणून टाकी ठीक आहे, हा तर्क म्हणूनच घातक आहे.

यावर उपाय म्हणून पाण्यात टायटॅनियमची अर्थिंग सळई सोडण्याची पद्धत आहे. तिच्याविषयी जाणकारांत मतभेद आढळतात. सळईमुळे प्रवाहाला कायमची वाट मिळते आणि माशांतूनही प्रवाह वाहू शकतो, असा एक आक्षेप आहे. सळई आणि आरसीसीबी एकत्र असतील, तर दोष निर्माण होताच गळती सुरू होऊन पुरवठा तुटतो, म्हणजेच माणसाचा हात पाण्यात जाण्यापूर्वी दोष उघड होतो. आरसीसीबी नसताना केवळ सळई ठेवणे मात्र अयोग्य होय, कारण त्या स्थितीत मर्यादित गळती कोणाच्याही लक्षात न येता चालू राहू शकते.

आरसीसीबीबाबत एक व्यावहारिक अडचण मान्य करावी लागते. मिठामुळे होणाऱ्या किरकोळ गळतीनेही ते वारंवार तुटते. घरी कोणी नसताना असे झाले तर पंप बंद पडून मासे दगावतात. अशा अनुभवानंतर काही जण ते उपकरणच काढून टाकतात. माशांचा जीव वाचवण्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालणारा हा मार्ग आहे. टाकीची साधने दोन स्वतंत्र आरसीसीबींवर विभागली, तर एक तुटल्यावरही दुसऱ्यावरील पंप चालू राहतो आणि हा पेच बऱ्याच अंशी सुटतो. वारंवार तुटणे हा उपकरणाचा दोष नसून क्षारसंचयाची सूचना आहे, असे मानणे हितावह ठरते.

४. ज्वलनावर चालणारी उष्णता उपकरणे

थंड हवामानाच्या देशांत, विशेषतः उत्तर अमेरिकेत, घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी बहुधा तळघरात असते. टाकीचे वजन पेलणारी पक्की जमीन आणि सांडलेल्या पाण्याचा निचरा यांमुळे मत्स्यपालकांनाही तळघर सोयीचे वाटते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ही मांडणी परिचित असेल. या शेजारात एक विशेष धोका आहे.

जुन्या पद्धतीची भट्टी ज्वलनासाठी लागणारी हवा खोलीतूनच घेते. त्या हवेत क्षारांचे सूक्ष्म कण असतील, तर ते ज्वालेतून जातात. ज्वालेच्या तापमानाला क्लोरीनयुक्त पदार्थांपासून हायड्रोजन क्लोराइड तयार होऊ शकतो आणि ज्वलनातून निर्माण झालेल्या बाष्पाबरोबर त्याचे आम्ल बनते. अधिक कार्यक्षम अशा आधुनिक भट्ट्यांमध्ये धूरवायू इतके थंड केले जातात की त्यांतील बाष्प उष्णता विनिमयकातच द्रवरूप होते. म्हणजे आम्ल तयार होण्यास आवश्यक ओलावा तेथे कायमच असतो. या भागासाठी वापरले जाणारे गंजरोधक पोलाद सामान्य पाण्याला दाद देत नाही, मात्र क्लोराइडमुळे त्यावर सूक्ष्म छिद्रे पडतात आणि ताणाखाली तडेही जाऊ शकतात. उष्णता विनिमयकाला छिद्र पडले, तर धूरवायू, त्यांत प्रसंगी कार्बन मोनॉक्साइडही, घरात खेळवल्या जाणाऱ्या हवेत मिसळू शकतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने तो जाणवत नाही.

मिठाच्या कणांचे ज्वालेवर आणखी एक चिन्ह उमटते. सोडियमची वाफ ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पिवळा प्रकाश देते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ज्वालापरीक्षेत विद्यार्थी हेच पाहतात. खोलीतील हवेत खारे कण असल्यास गॅसची निळी ज्योत पिवळसर किंवा नारिंगी दिसू लागते. अडचण अशी की हवा अपुरी पडून अपूर्ण ज्वलन होत असतानाही ज्योत पिवळीच दिसते, आणि त्या स्थितीत कार्बन मोनॉक्साइड निर्माण होत असतो. मिठामुळे पिवळी झालेली ज्योत पाहण्याची सवय लागली, की धोक्याची खरी सूचना ओळखता येत नाही. टाकीशेजारील गॅस उपकरणाची ज्योत बदललेली दिसल्यास कारणाचा तर्क न करता तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

महाराष्ट्रात तळघरातील भट्टी नाही, पण गॅस गिझर आहे, स्वयंपाकाची शेगडी आहे आणि प्रयोगशाळेत बर्नर आहे. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या वाचनात येतात. लहान सदनिकेत टाकी आणि गिझर एकाच कोंदट भागात असतील, तर खारी व दमट हवा गिझरच्या बर्नरवर आणि उष्णता विनिमयकाच्या तांब्यावर परिणाम करू शकते. बाहेरून स्वतंत्र नळीने हवा घेणारे व धूर बाहेर सोडणारे उपकरण असल्यास हा धोका बराच कमी होतो.

५. उलट दिशेचा परिणाम : उपकरणांकडून टाकीकडे

५.१ उष्णता आणि बाष्पीभवन. उष्ण हवेच्या झोतात असलेल्या टाकीतून पाणी अधिक वेगाने उडते. दोनशे लिटरच्या टाकीतून पाच दिवसांत दहा लिटर पाणी उडाले आणि भर घातली नाही, तर क्षारता ३५ वरून सुमारे ३६.८ पर्यंत जाते. वीस लिटर उडाले तर ती ३८.९ च्या आसपास पोहोचते. ही भर नेहमी क्षारविरहित पाण्याची घालावयाची असते. प्रत्येक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६८ युनिट इतकी ऊर्जा घेऊन जाते. थंडीत ही ऊर्जा हीटरला पुरवावी लागते आणि उन्हाळ्यात ते बाष्प वातानुकूलन यंत्राला काढावे लागते. विदर्भातील उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरचा झोत टाकीवर आल्यास पाणी थंड होते हे खरे, पण बाष्पीभवनही वाढते आणि क्षारता अस्थिर होते.

५.२ तापमान आणि प्राणवायू. क्षारता ३५ असताना समुद्राच्या पाण्यात २५ °से. तापमानाला प्रतिलिटर सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० °से. तापमानाला तो सुमारे ६.२ मिलिग्रॅम एवढाच राहतो. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. टाकीतील हीटरचा तापमान नियंत्रक चालू स्थितीतच अडकला, तर २०० वॅटचा हीटर २०० लिटर पाण्याचे तापमान दर तासाला कमाल सुमारे ०.९ °से. इतके वाढवू शकतो. म्हणून एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर वापरणे अधिक सुरक्षित मानले जाते. शीतक यंत्र पाण्यातील उष्णता खोलीत सोडते. ते टाकीखालील बंद कपाटात ठेवल्यास तीच उष्णता पुन्हा पाण्यात परतते.

५.३ कार्बन डायऑक्साइड. बंद खोलीत माणसे आणि ज्वलन यांमुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो आणि सामू उतरतो. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.१ असतो. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीतील टाकीत तो ८ च्या खालीही जातो. रसायने घालून सामू वाढवण्यापूर्वी खिडकी उघडून पाहणे हा साधा व प्रभावी प्रयोग आहे.

५.४ तांबे. क्षरण झालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भागांवरून ठिबकणारे पाणी टाकीत पडणे धोक्याचे असते. माशांवरील परजीवी रोगांच्या उपचारात तांब्याचे प्रमाण प्रतिलिटर ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवले जाते आणि एवढ्याच प्रमाणात कोळंबी, शंखवर्गीय प्राणी व समुद्रफूल यांसारखे अपृष्ठवंशीय जीव मरतात. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी शुद्ध समजून टाकीत वापरण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

६. वीजपुरवठा खंडित होणे आणि इन्व्हर्टर

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले आणि इन्व्हर्टर घराघरांत आला. टाकीला त्याचा आधार मिळतो, परंतु त्याची जागा महत्त्वाची आहे. टाकीखालील कपाट मोकळे असते म्हणून बॅटरी तेथे ठेवली जाते. शिसे-आम्ल बॅटरी प्रभारित होताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे चार टक्के झाले की मिश्रण ज्वलनशील होते. बंद कपाट आणि क्षारांमुळे ठिणगी पडणारा प्लग हा संयोग टाळलाच पाहिजे. खारे पाणी बॅटरीतील आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. जुन्या पाणबुड्यांमध्ये हा धोका सुपरिचित होता.

पुरवठा खंडित झाला की खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारा पंप थांबतो आणि वरचे पाणी खाली उतरू लागते. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीतील पातळी केवळ ३ सेंटिमीटरने घटली, तरी १६ लिटरहून अधिक पाणी खाली येते. खालच्या टाकीत तेवढी जागा नसेल, तर हे खारे पाणी फरशीवर, म्हणजेच नेमके एक्स्टेंशन बोर्ड पडलेले असते तेथे पसरते. वीज परत येण्याच्या क्षणी ते बोर्ड ओले असते. म्हणून नवी टाकी भरल्यावर पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठपर्यंत चढते, हे पाहिल्याशिवाय मांडणी पूर्ण झाली असे समजू नये.

मुख्य फलकावरील आरसीसीबी इन्व्हर्टरनंतरच्या मंडलाला, इन्व्हर्टर चालू असताना, आपोआप संरक्षण देतोच असे नाही. याची खातरजमा परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

७. जागेची निवड व मांडणी : शिफारशी

१. टाकी आणि खोलीतील हवा घेणारे कोणतेही गॅस उपकरण एकाच बंद जागेत नसावे. अन्य पर्याय नसल्यास बाहेरून हवा घेणारे उपकरण निवडावे आणि कार्बन मोनॉक्साइड सूचक बसवावा.
२. स्विचबोर्ड टाकीच्या थेट वर, खाली किंवा मागे नसावा. तो बाजूच्या भिंतीवर, हाताच्या अंतरावर असावा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नये.
३. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्यापूर्वी प्लगच्या पातळीखाली वळसा घेऊन वर जावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब वळशाच्या तळाशी खाली पडेल.
४. टाकीच्या मंडलावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी आणि तिचे चाचणी बटण नियमितपणे दाबून पाहावे. अर्थिंगची तपासणी पावसाळ्यापूर्वी करावी.
५. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व पुरवठा बंद करावा. हीटर पाण्याबाहेर काढण्यापूर्वी तो बंद करून पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावा, अन्यथा काच तडकते.
६. साचलेले मीठ कोरड्या फडक्याने झटकू नये, कारण ते हवेत उडते. पुरवठा तोडून, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने ते पुसावे आणि जागा पूर्ण वाळल्यावरच पुरवठा सुरू करावा.
७. टाकीवर झाकण असावे, पण वायुविजन अडू नये. स्किमर झाकणाच्या किंवा कपाटाच्या आत ठेवल्यास उडणारे थेंब बरेच कमी होतात. अशा वेळी त्या कपाटात कोणतेही विद्युत जोड ठेवू नयेत.
८. वीज जाण्याच्या प्रसंगासाठी बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप जवळ ठेवावा.

महाविद्यालयीन विभागांच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष नोंदवण्यासारख्या आहेत. टाकी, बर्नर, भट्टी आणि संगणकाचे यूपीएस एकाच प्रयोगशाळेत असण्याची शक्यता येथे घरापेक्षा अधिक असते आणि टाकी हाताळणारे विद्यार्थी दरवर्षी बदलतात. म्हणून वरील सूचना टाकीशेजारी मराठीत लावणे आणि देखभालीची नोंदवही ठेवणे आवश्यक आहे. दुसरी बाब कायद्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळ व समुद्रघोडे यांना संरक्षण असल्याने ते प्रदर्शनासाठी गोळा करता येत नाहीत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने बंदिस्त प्रजननाची तंत्रे विकसित केलेल्या विदूषक माशांसारख्या जाती हा अधिक जबाबदार पर्याय ठरतो.

निष्कर्ष

खाऱ्या पाण्याची टाकी आणि लगतची उपकरणे एकाच हवेत श्वास घेतात. टाकी त्या हवेत मीठ व बाष्प सोडते, उपकरणे उष्णता, वायू आणि धातू सोडतात. ही देवाणघेवाण संथ असल्याने अपघात अकस्मात घडल्यासारखा वाटतो. वस्तुतः त्याची कारणे अनेक महिने डोळ्यांसमोर साचत असतात. प्लगवरील पांढरा थर, वारंवार तुटणारी आरसीसीबी, पिवळी झालेली ज्योत आणि बंद खोलीत उतरणारा सामू ही त्यांची वाचता येण्याजोगी चिन्हे आहेत.

भरलेली दोनशे लिटरची टाकी दोनशे किलोंहून अधिक वजनाची असते आणि नंतर हलवता येत नाही. त्यामुळे ती कोठे ठेवावी, हा निर्णय पाणी भरण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो. जागा निवडताना शोभेपेक्षा हवेचा प्रवाह, विजेची वाट आणि सांडणाऱ्या पाण्याचा उतार या तीन गोष्टी आधी पाहिल्या, तर पुढील बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.